कॅमेरा चालूच राहिला

लोखंडी जिन्यावरून आधी भांडी वर जायची. तांब्याची जड पातेली, तवे, सुऱ्या, अंडी फेटायच्या लहानमोठ्या रव्या, अंड्यांचे ट्रे, बर्फात ठेवलेलं मांस. शिवाय एकाच पदार्थाची दोन-तीन रूपं: एक कच्चं, एक अर्धवट शिजलेलं, एक पानात वाढण्याजोगं तयार. गाडीतून हे सगळं उतरवून घेणारे साठीचे गृहस्थ अमेरिकी सरकारच्या परदेशातल्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. ते चित्रं काढत, उत्तम फोटो काढत आणि पत्नीच्या कामासाठी न कुरकुरता ओझी वाहत. त्यांचं नाव पॉल चाइल्ड. वर स्वयंपाकघरात एप्रन बांधून उभ्या असलेल्या सहा फूट दोन इंच उंचीच्या बाई म्हणजे ज्युलिया चाइल्ड.

गाव केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. साल १९६३. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या शैक्षणिक वाहिनीचा स्टुडिओ १९६१च्या ऑक्टोबरात आगीत जळून गेला होता, आणि वाहिनी मिळेल तिथे जागा मागून कार्यक्रम करत होती. केंब्रिजच्या वीज कंपनीकडे एक प्रात्यक्षिकाचं स्वयंपाकघर होतं. विजेच्या शेगड्या कशा चालतात हे गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी ते बांधलेलं होतं. तिथेच ‘द फ्रेंच शेफ’चं चित्रण सुरू झालं. खाली अंगणात एक जुनी प्रवासी बस उभी असे, तिच्या पोटात नियंत्रणकक्ष. बसमधून निघालेल्या जाड केबली इमारतीत शिरत आणि दोन कॅमेऱ्यांपर्यंत पोचत. ११ फेब्रुवारी १९६३ला पहिला भाग दिसला: बफ बुर्गिन्यों, म्हणजे लाल वाइनमध्ये मंद शिजवलेलं गाईचं मांस. बाईंचं वय तेव्हा पन्नास होतं.

या वर्षीच्या अंकासाठी संपादकांनी ‘निवांत’ हा विषय दिला आणि या मालिकेशिवाय दुसरं काही माझ्या डोळ्यांपुढे येईना. मी गेली कित्येक वर्षं हे भाग बघते आहे. त्यातले बहुतेक पदार्थ मी कधीच करणार नाही. काहींचं साहित्यही आपल्याकडे मिळत नाही. तरीही साठ वर्षांपूर्वीचं हे काळंपांढरं चित्रण लावलं की मी शेवटपर्यंत बसते, आणि माझ्यासारखे बसणारे जगभर आहेत. हे कशाने होतं, ते नीट बघावं म्हणून गेल्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला गेले. ज्युलियाबाईंचं स्वयंपाकघर आता तिथे आहे.

भोकांची फळी

अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात प्रवेश फुकट आहे. तळमजल्यावर, अमेरिकी माणसाचं जेवण कसं बदलत गेलं ते सांगणाऱ्या दालनात, हे अख्खं स्वयंपाकघर मांडलेलं आहे. केंब्रिजच्या आयर्व्हिंग स्ट्रीटवरच्या १०३ नंबरच्या घरातून २००१ साली ते हलवलं. नव्वदीकडे झुकलेल्या ज्युलियाबाई तेव्हा कॅलिफोर्नियाला परत चालल्या होत्या. ओट्याखालचे खण, खणांतले चमचे, भिंतीवरची चित्रं, हजाराहून जास्त वस्तू एकेक नोंदवून आणल्या आणि जिथल्या तिथे लावल्या. खोली फार मोठी नाही, वीस फूट बाय चौदा. आत जाता येत नाही. दाराखिडक्यांच्या जागी पारदर्शक तावदानं आहेत, त्यातून बघायचं.

मी बराच वेळ एका भिंतीपाशी उभी होते. निळसर रंगाची भोकांची फळी, तिच्यात आकडे, आकड्यांना टांगलेली भांडी. प्रत्येक भांड्याभोवती त्याची बाह्यरेषा रंगवलेली आहे. ती पॉल यांनी आखली. कुठलं पातेलं कुठे जायचं हे घरात आलेल्या कोणालाही कळावं म्हणून. ओटेही त्यांनीच नेहमीपेक्षा दोन इंच उंच करून घेतले. अमेरिकी ओटा छत्तीस इंचांचा, हा अडतीसचा. उंच बाईला वाकून काम करावं लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. आपल्याकडे किती घरांत ओट्याची उंची त्यापुढे रोज उभं राहणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरली असेल, हा प्रश्न तिथे मनात आला आणि तो अजून गेलेला नाही.

एका बाजूला गारलंड कंपनीची सहा शेगड्यांची काळी, हॉटेलात असते तशी गॅसची चूल. पन्नाशीच्या दशकात त्यांनी ती जुनी विकत घेतली आणि पुढे जन्मभर वापरली. मध्ये जेवायचं टेबल. सुऱ्या लोहचुंबकाच्या पट्ट्यांवर. शोभेसाठी ठेवलेलं फारसं काही दिसत नाही. सगळं हाताशी आहे आणि सगळं वापरलेलं आहे.

दालनातल्या पडद्यावर त्यांच्या कार्यक्रमांचे तुकडे चालू असतात. शेजारी सहा-सात वर्षांचा एक मुलगा होता. पडद्यावरच्या बाई लाकडी हातोडीने काहीतरी ठोकत होत्या. आई त्याला पुढे ओढत होती आणि तो हलत नव्हता. बाईंचं नाव त्याला माहीत असण्याचं कारण नाही. त्याला दिसत होतं ते एवढंच, की एक मोठं माणूस मनापासून आणि जोरात एक काम करतं आहे. मला वाटतं, तो अगदी योग्य कारणासाठी थांबला होता.

मुंबईमार्गे कँडीला

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना या गावी १५ ऑगस्ट १९१२ला सुखवस्तू घरात जन्मलेल्या ज्युलिया मॅकविल्यम्सना वयाच्या तिशीपर्यंत स्वयंपाक येत नव्हता. महायुद्धात त्या अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात लागल्या. शार्क माशांना दूर ठेवणारं एक रसायन तयार करण्याच्या कामातही त्यांचा हातभार होता. १९४४ साली पूर्वेकडे नेमणूक झाली तेव्हा सैनिकांनी भरलेल्या जहाजातून त्या आधी आपल्या मुंबईला उतरल्या, तिथून रेल्वेने मद्रासला आणि पुढे सिलोनमध्ये कँडीला गेल्या. काम होतं गुप्त कागदपत्रांची नोंद आणि वर्गवारी. कुठलाही कागद क्षणात सापडला पाहिजे अशी शिस्त. पुढे त्यांच्या पाककृतींत जी काटेकोर मांडणी दिसते, तिचं मूळ मला या नोकरीत दिसतं.

कँडीलाच पॉल भेटले. त्यांना चांगल्या खाण्याची जाण होती. १९४८ साली त्यांची बदली पॅरिसला झाली, आणि वाटेत रुआँ शहरात लोण्यात परतलेला सोल मासा खाऊन ज्युलियाबाईंचं पुढचं आयुष्य ठरलं. त्यांनी कॉर्दों ब्ल्यू या पाकशाळेत नाव घातलं. वर्गात बाकी सगळे युद्धावरून परतलेले अमेरिकी सैनिक. शिकवायला माक्स ब्युन्यार हे जुने आचारी. पहिल्या परीक्षेत बाई नापास झाल्या, कारण साध्या पाककृतींची प्रमाणं पाठ केली नव्हती. दुसऱ्यांदा बसून पास झाल्या.

सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर त्यांनी अमेरिकी गृहिणींसाठी फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक लिहायला घेतलं. त्याला जवळजवळ दहा वर्षं लागली. एका प्रकाशकाने ते परत केलं. अखेर नॉफ प्रकाशनात ज्युडिथ जोन्स या तरुण संपादिकेच्या हाती ते पडलं, तिने घरी पदार्थ करून बघितले आणि १९६१ साली ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’ बाहेर आलं. याच ज्युडिथबाईंनी १९७३ साली मधुर जाफरींचं भारतीय स्वयंपाकाचं पहिलं पुस्तक काढलं. अमेरिकेत भारतीय जेवण घरच्या घरी करता येतं हे ज्या पुस्तकाने तिथल्या वाचकाला पटवलं, त्याचा आणि ज्युलियाबाईंच्या पुस्तकाचा संपादकीय हात एकच आहे.

पुस्तकाच्या प्रचारासाठी बाई डब्ल्यूजीबीएचवर पुस्तकांविषयीच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात गेल्या. जाण्याआधी त्यांनी वाहिनीला फोन केला: विजेची एक शेगडी मिळेल का? फोन घेणारा तरुण निर्माता रसेल मोराश चक्रावला. पुस्तकावर बोलायला येणाऱ्या लेखकाने शेगडी मागितल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. बाई अंडी आणि भलीमोठी रवी घेऊन आल्या आणि कार्यक्रम चालवणाऱ्या प्राध्यापकमहाशयांसमोर त्यांनी ऑम्लेट करून दाखवलं. त्यानंतर प्रेक्षकांची पत्रं आली: या बाईंना परत आणा. पत्रं काही शेकड्यांनी नव्हती, पण त्या वाहिनीवर कशालाच पत्रं येत नसत. १९६२च्या जूनमध्ये नमुन्याचे तीन भाग झाले, आणि मालिका ठरली. दिग्दर्शक अर्थातच मोराश.

दोन कॅमेरे, एक बस

आता मुद्द्याची गोष्ट. अर्ध्या तासाच्या जागेत बसणारा प्रत्येक भाग जवळजवळ सलग, एका दमात चित्रित होत असे.

तेव्हाची व्हिडिओ टेप दोन इंच रुंद आणि महाग. एकदा वापरलेली टेप पुसून परत वापरायची पद्धत. तिच्यात काटछाट करायची तर ती खरोखर पात्याने कापावी लागे आणि अचूक जागी जोडावी लागे. गरीब शैक्षणिक वाहिनीला हे परवडणारं नव्हतं. दुसरं कारण जास्त मजबूत होतं: चित्रण थांबवता येतं, शिजणं थांबवता येत नाही. कॅमेरा बंद करून पुन्हा लावेपर्यंत सॉस दाट होतो, लोणी करपतं, फेटलेला पांढरा बलक बसतो. मग जोडलेल्या दोन तुकड्यांत एकच पदार्थ दोन अवस्थांत दिसणार. म्हणून ठरलं की एकदा सुरू केलं की शेवटापर्यंत जायचं.

यासाठी तयारी काय लागे? सहनिर्मात्या रूथ लॉकवुड आणि ज्युलियाबाई प्रत्येक भागाचे तुकडे पाडत: इतक्या मिनिटाला कांदा, इतक्या मिनिटाला भट्टी उघडायची. कुठलं भांडं ओट्यावर कुठे असेल याचे नकाशे पॉल काढत. घरी पदार्थ पुन्हा पुन्हा करून वेळ मोजली जाई. प्रत्यक्ष चित्रणात रूथ कॅमेऱ्याशेजारी मोठे पुठ्ठे घेऊन उभ्या असत. त्यांवर आठवणी लिहिलेल्या: अमुक शेगडी बंद करा, कपाळ पुसा, धापा टाकू नका. दिव्यांचा उकाडा, शेगड्यांचा उकाडा, आणि बाई सतत हलत्या. मान जरा वळवून त्या पुठ्ठा वाचतात हे जुन्या भागांत दिसतं. लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

तीन तास शिजणारं मांस अर्ध्या तासात दाखवायचं म्हणून आधी केलेली रूपं तयार असत, आणि बाई तसं सांगून भट्टीतून दुसरं पातेलं काढत. म्हणजे शिजण्याचा वेळ वगळला जाई. हाताचा वेळ मात्र वगळला जात नसे. कांदा चिरायला जेवढा लागतो तेवढा लागे. सूफ्लेसाठी अंड्याचा पांढरा बलक तांब्याच्या कढईत रवीने फेटायचा, तर तो फुगून शिखरं धरेपर्यंत आपण बघत राहतो. तोवर बाई बोलतात: बलकात पिवळ्याचा थेंब का चालत नाही, भांडं तेलकट का नसावं. तांब्याचा अंश बलकातल्या प्रथिनाला धरून ठेवतो आणि फेस लवकर फुटत नाही, त्यामुळे हे भांडं डौलासाठी घेतलेलं नसतं. त्या फेटण्यात त्यांना दम लागतो आणि तो ऐकू येतो. हाताला काय वाटत असेल ते बघणाऱ्याच्या दंडाला कळतं. आजच्या चित्रफितीत हाच भाग सगळ्यांत आधी कापला जातो, आणि शिकण्याचा भाग नेमका तोच असतो.

पहिल्याच भागातली गोष्ट घ्या. मांसाचे तुकडे परतण्याआधी कागदाने टिपून कोरडे करा आणि तव्यात गर्दी करू नका. का? ओल्या तुकड्यातलं पाणी आधी वाफ होतं, आणि ते आहे तोवर तुकड्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही. तपकिरी रंग आणि तो खमंग वास त्याच्या बऱ्याच वर गेल्याशिवाय येत नाही. गर्दी केली की वाफ कोंडते, तुकडे परतले जायच्या ऐवजी उकडतात. हे एकदा कळलं की फ्रान्स बाजूला राहतो. भेंडी धुतल्यावर पुसून का चिरतात, सुरणाचे काप तव्यात सुटेसुटे का लावतात, सगळं एकाच नियमात बसतं. आमच्या घरी हे सगळे करत, पण का ते कोणी सांगत नसे. पन्नाशीतल्या त्या बाई कारण सांगत होत्या, तेही तव्यासमोर उभ्या राहून, चर्र आवाज येत असताना.

बटाटा शेगडीवर पडतो तेव्हा

१९६३च्या बटाट्यावरच्या भागात तव्याएवढी मोठी बटाट्याची पोळी त्यांना उलटायची आहे. त्या म्हणतात, उलटायचं तर मन घट्ट करून झटका द्यायला हवा. झटका देतात, तो थोडा कमी पडतो, आणि पोळीचा एक भाग शेगडीच्या कडेवर सांडतो. त्या तो उचलून परत तव्यात घालतात, दाबतात आणि सांगतात की आपला झटका पुरेसा धीट नव्हता. स्वयंपाकघरात आपण एकटेच असतो, बघायला कोण येतंय, असंही सांगतात. आणि पुढे जातात.

या प्रसंगाची पुढे दंतकथा झाली. अमेरिकेत आजही लोक शपथेवर सांगतात की बाईंच्या हातून कोंबडी जमिनीवर पडली होती, कोणी टर्की म्हणतं, कोणी बदक. असं काही झालेलं नाही. लोकांच्या आठवणीत बटाट्याचा पक्षी झाला आणि शेगडीची जमीन झाली. दंतकथा वाढते तेव्हा लोकांना कशाची भूक आहे ते दिसतं. साठच्या दशकातल्या त्या अमेरिकी बायका मासिकांतली चकचकीत, निर्दोष स्वयंपाकघरं बघत होत्या. तयार जेवणाचे गोठवलेले ट्रे दुकानात आले होते, आणि डब्यातलं सूप ओतून केलेल्या पदार्थाला स्वयंपाक म्हटलं जात होतं. त्यांच्यासमोर एका जाणत्या बाईने पडलेला बटाटा उचलला.

माझ्या मते या मालिकेचं खरं शिक्षण इथे आहे. पाककृती चुकू न देणं एक, आणि चुकल्यावर पुढे काय करायचं ते कळणं दुसरं. पहिलं पुस्तकातून येतं. दुसरं कोणाच्या तरी शेजारी उभं राहूनच येतं, कारण चुका छापता येत नाहीत, त्या घडाव्या लागतात. टेप कापता येत नव्हती म्हणून त्या घडल्या आणि टिकल्या. पण गरिबीला सगळं श्रेय देणं बरोबर नाही. त्याच अडचणीत दुसरा कोणी ओशाळला असता, घाबरला असता. ज्युलियाबाईंनी प्रत्येक अपघात धड्यात घेतला. साचा सोडताना पदार्थ कलंडला तर त्या वरून सॉस घालतात आणि तो कशाने कलंडला ते सांगतात.

त्यांना रागाची पत्रंही येत. हात पुरेसे धूत नाही, वाइन फार पिता, अशी. वाइनबद्दल सांगायलाच हवं: पहिल्या काळात ग्लासात असायचं ते ग्रेव्हीला रंग देणाऱ्या मसाल्याने तपकिरी केलेलं पाणी. खरी वाइन पैशांत बसत नव्हती. शेवटी बाई ताट घेऊन टेबलाशी बसत, ते रंगीत पाणी ओतत आणि आनंदाने निरोप घेत. तो आनंद पाण्याने आलेला नव्हता.

सहा कोंबड्या, एक ओळ

विक्षिप्त हा शब्द त्यांच्याबद्दल फार वापरला जातो. आवाज उंच, मध्येच चढणारा, मध्येच दम सुटून हवेत विरणारा. वाक्य अर्धं ठेवून भट्टीकडे धावणं. हातात हातभर लांब सुरी. या आवाजाची नक्कल १९७८ साली ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये डॅन अॅक्रॉइडने केली. त्यात बाईंचं बोट कापतं, रक्ताचे फवारे उडतात, तरी त्या शिकवत राहतात. ज्युलियाबाईंना ती नक्कल इतकी आवडली की घरी आलेल्यांना त्या तिची टेप दाखवत.

पण हा विक्षिप्तपणा शिकवण्यातून आलेला आहे, हे १९७१च्या कोंबडी भाजण्यावरच्या भागात दिसतं. मालिका तोवर रंगीत झाली होती. ओट्यावर सहा सोललेल्या कोंबड्या ओळीने उभ्या बसवलेल्या, लहानीपासून मोठीपर्यंत. बाई एकेकीची ओळख करून देतात, जणू शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींना मंचावर बोलावलं आहे: या कुमारी अमुक, जाळीवर भाजण्याच्या, या तळण्याच्या, या भट्टीच्या, आणि शेवटी या पोक्त मॅडम, यांना फक्त मंद आचेवर रटरटायचं. हसू येतं. पाच मिनिटांत बघणाऱ्याला कळलेलं असतं की पक्ष्याचं वय त्याची रीत ठरवतं. कोवळ्या मांसाला कोरडी, तेज आच चालते, जून मांसातले चिवट धागे ओल्या आणि लांब आचेतच विरघळतात. आपल्याकडे गावरान कोंबडीला ब्रॉयलरपेक्षा दुप्पट वेळ का लागतो, त्याचंही उत्तर त्यात आहे. कोंबड्यांना ओळीत उभं केलं नसतं, तर हे कोणाच्या लक्षात राहिलं असतं?

शैक्षणिक वाहिनीवर जाहिरात नव्हती. बाईंनी पुढेही आयुष्यभर कुठल्याच कंपनीच्या मालाची जाहिरात केली नाही, विचारणा भरपूर झाली तरी. त्यामुळे त्या एखादी सुरी चांगली म्हणतात तेव्हा ती चांगली असते, यापलीकडे बघणाऱ्याला काही तपासावं लागत नाही. अशा विश्वासाची किंमत आज कळते.

एक गोष्ट मात्र पडद्यावर आली नाही. एका अर्ध्या तासाला लागणारी भांडी घासणारे, भाज्या चिरून ठेवणारे हात पडद्याबाहेर होते. त्यांत स्वयंसेवक होते, पॉल स्वतः होते. गृहिणीकडे नोकर नाहीत हे धरून लिहिलेल्या पुस्तकावरचा हा कार्यक्रम होता, पण मोरीतली भांडी त्यात कधी दिसली नाहीत. या एका बाबतीत तरी पडदा घरापेक्षा खोटा होता, आणि मला ते खटकत आलं आहे.

चॅनेल दोन, लेक्सिंग्टन

बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनमध्ये राहणाऱ्या एका कोल्हापूरच्या काकूंशी फोनवर लांब बोलणं झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न करून त्या तिकडे गेल्या. काका कामावर गेले की घरात त्या आणि टीव्ही. घरच्या भट्टीत त्यांनी कढया आणि परात ठेवली होती, कारण भट्टीचा दुसरा उपयोग माहीत नव्हता. चॅनेल दोनवर, म्हणजे डब्ल्यूजीबीएचवर, ज्युलियाबाई दिसायला लागल्यावर कढया बाहेर आल्या. त्यांनी पहिल्यांदा केलं ते कॅरॅमल कस्टर्ड. साखर किती जाळायची ते पुस्तकात वाचून कळलं नसतं, असं त्या म्हणाल्या. बाईंनी पातेलं कॅमेऱ्याकडे कलतं धरलं होतं, तो रंग बघून कळलं.

तांबड्या रश्श्याचं मटण आधी कोरडं करून थोडं-थोडं परतायचं, हेही त्यांनी तिथूनच उचललं, आणि सासूबाई अमेरिकेत आल्या तेव्हा त्यांनी दोन वेळा वाटी पुढे केली. पण काकू जास्त वेळ बोलल्या त्या भाषेबद्दल. इंग्रजी बोलायची त्यांना भीती वाटे, फोन वाजला तरी छातीत धडधडे. टीव्हीवर बाकी सगळे गुळगुळीत बोलत. ही एकच बाई अडखळत होती, शब्द शोधत होती, दम लागला तर थांबत होती, आणि तरी बोलत राहत होती. काकूंनी मग दुकानात बोलायला सुरुवात केली.

आज कोण बसतं

मार्च २०१६मध्ये ट्विच या संकेतस्थळाने, जिथे मुख्यतः मुलं एकमेकांचे व्हिडिओ गेम बघतात, ‘द फ्रेंच शेफ’चे भाग एकामागून एक दिवसरात्र दाखवले. ज्यांच्या आज्यांनी हे पहिल्यांदा बघितलं असेल अशी ती पिढी. २००९च्या ‘ज्युली अँड ज्युलिया’ चित्रपटात मेरिल स्ट्रीपने बाईंची भूमिका केली, २०२२ला त्यांच्यावर नाट्यमालिका आली. या सगळ्यामुळे नाव राहिलं. मूळ भाग बघायला मात्र कोणी नावासाठी बसत नाही. आज फोनवर स्वयंपाक म्हणजे वरून टिपलेले दोन निनावी हात आणि चाळीस सेकंदांत तयार वाटी. दुसरीकडे घड्याळ लावलेल्या स्पर्धा, रडणारे स्पर्धक, रागावणारे परीक्षक. पहिल्यात माणूस नाही आणि दुसऱ्यात पदार्थ नाही. ज्युलियाबाईंच्या स्वयंपाकघरात दोन्ही आहेत, एकाच चौकटीत, आणि कोणी कोणाला घालवत नाही.

मोराश यांनी पुढे याच पद्धतीने बागकामावर आणि घरदुरुस्तीवर मालिका केल्या. ‘धिस ओल्ड हाउस’ १९७९ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. जाणत्या माणसाला त्याचं काम करू द्या आणि कॅमेरा त्याच्या मागे ठेवा, ही त्यांची रीत. सुतार आणि माळी हेही शिक्षक म्हणून पडद्यावर आले, त्याची वाट वीज कंपनीच्या त्या लोखंडी जिन्यावरून गेली होती.

ज्यांनी ही मालिका बघितलेली नाही त्यांनी १९७२चा ऑम्लेटचा भाग आधी बघावा. त्यात महाग काही नाही. बाई अर्ध्या मिनिटात जेवण तयार करण्याचं वचन देऊन सुरुवात करतात आणि ते पाळतात. तव्यात लोणी फेसाळतं, फेस बसू लागतो त्या क्षणी अंडं पडतं, मग तवा आपल्याकडे हिसके देऊन ओढायचा, की अंडं स्वतःच गुंडाळत जातं. त्या हे एकदा करतात, मग पुन्हा, मग पुन्हा, आणि दर वेळी मनगट कसं जातं तिकडे बघा. हा हिसका एकदम येत नाही. त्यांनीच सांगितलेला सराव असा: तव्यात अर्धी वाटी सुके दाणे घ्यायचे आणि घराबाहेर जाऊन हिसके द्यायचे. आपल्याकडे राजमा उत्तम, वाटाणे फार घरंगळतात. गच्चीत उभं राहा, खाली जुनी चादर पसरा, आणि तवा पुढे ढकलू नका, आपल्याकडे ओढा.